पाझर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खानविलकरांच्या खाजगी मातीच्या धरणाने त्यांना हाक मारली.

"अण्णा, पाझर मिनिटाला नऊ लिटर. दुरुस्तीवाले कधी येणार?"

"येतील गं. चहा घेतलास?"

"मी धरण आहे, अण्णा."

"ठाऊक आहे. नुसतं विचारलं."

धरणाच्या भिंतीत पुरलेली यंत्रणा पाझर असेपर्यंतच बोलत असे. घरात दुसरा आवाज नव्हता, म्हणून अण्णांनी दुरुस्तीवाल्यांना तीनदा परत पाठवलं होतं.

"आज पाणी गढूळ आहे. आतली माती वाहतेय, भिंत पोकळ होतेय. खालच्या वाडीला कळवू?"

"कळवलंस की ते येऊन बुजवतील. मग तू बोलशील?"

"नाही."



साडेसहाला पाझर चौदा लिटर होता. वाडीला कळवायला मालकाची परवानगी लागते. ती अजून मिळालेली नव्हती.