हास्यपट्टी

"यजमान वाचले ना तुमचे? मग तक्रार कसली?" मुख्याध्यापक कुंटे म्हणाले.

शैलजानं लेकीची हास्यपट्टी त्यांच्या टेबलावर आपटली. ही पट्टी कपाळाला बांधली, की शिकताना मुलांना हसू फुटायचं आणि धडा कायमचा डोक्यात बसायचा. हृदय बंद पडलं तर काय करायचं, हेही गार्गी असंच हसत शिकली होती.

"तिचे बाबा जेवता जेवता कोसळले. पोरीनं सगळं बिनचूक केलं. ते शुद्धीवर आले, तेव्हा ती त्यांच्या छातीवर ओणवी होऊन खदाखदा हसत होती. पट्टी नसताना."

"म्हणजे धडा पक्का झालाय."

"झालाय. त्यांचाही झालाय. आता घरात ती हसली, की ते खोलीला आतून कडी लावतात."