मुरबाडला गेलेला फोटो

अक्षदाने दुकानाच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि संगणकावर स्वतःचाच चेहरा उघडला.

शहापूरच्या या स्टुडिओत फोटो सुधारायला बसून तिला तीन वर्षं झाली होती. लग्नाच्या मोसमात मान वर करायला फुरसत नसे. आया मुलींचे फोटो घेऊन यायच्या आणि कानाशी लागायच्या, "बाय, जरा उजळ कर गो." तीही करायची. आसपासच्या निम्म्या उपवर मुली तिच्या हातून गोऱ्या झाल्या होत्या.

आज काम उलटं होतं. ठाण्याला नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. तिचे वडील कुंडलिक, म्हणजे आबा, म्हणाले होते, "मुरबाडचं स्थळ चांगलं हाय. त्यांनी नाय म्हनलं तरच तू जायाचं." तेव्हा त्यांच्याकडून नकार मिळवायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

आधी तिने स्कॅनरबरोबर आलेल्या साध्या प्रोग्रॅममध्ये ब्राइटनेस उतरवून पाहिला. मागची भिंत, साडीचे पांढरे काठ, सगळंच मळकट झालं. आबांनी ते लगेच ओळखलं असतं. मग तिने फोटोशॉप उघडलं, फक्त चेहरा निवडला आणि उजेड कमी-जास्त करणारी कर्व्हची रेघ हळूच खाली ओढली. भिंत पांढरीच राहिली. चेहरा तेवढा काळवंडला. तिने प्रिंट काढली आणि न्यायला आलेल्या आबांच्या हातात दिली.

कुंडलिकने प्रिंट दारातल्या उन्हात धरली. "काळपट नाय वाटत गो?"

"शाई वली हाय, आबा. सुकली का उजळंल."

बाहेर हे स्थळ आणणारा बुधूमामा मोटारसायकल चालू करून खोळंबला होता. त्याने फोटोचं पाकीट खिशात कोंबलं आणि तो मुरबाडच्या रस्त्याला लागला.

पुढचे चार दिवस अक्षदाचं कामात लक्ष लागेना. आबांना कळलं तर? एका गिऱ्हाइकाच्या मुलीला तिने इतकं उजळवलं, की तिचं नाकच दिसेना. सगळं पुन्हा करावं लागलं.

पाचव्या दिवशी बुधूमामा घरी आला. पायरीवर बसून त्याने घाम पुसला.

"ते पोरगी बघायला येनार नायत," तो म्हणाला.

कुंडलिकने हातातलं काम खाली ठेवलं. दाराआड अक्षदाचा जीव भांड्यात पडला. हसू दिसू नये म्हणून तिने ओढणी तोंडाशी धरली.

"का पन?" कुंडलिकने विचारलं.

"सात पोरींचं फोटू होतं त्यांच्याकं. सगल्या पिठात लोळल्यावानी पांढऱ्या. चार घरी जाऊन आले, चारी पोरी निराल्याच निघाल्या. आपल्या अक्षदाचा फोटू बघला नि त्यांचा म्हातारा म्हनला, हा बाप फसवनारा नाय, बघायचं काय त्यात? रविवारी साखरपुड्यालाच येतात."