ओल आलेली भिंत

भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं कर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं, तरच मास्तरांना हप्ता परवडणार होता. नव्या बँकेने फ्लॅटची किंमत कमी लावली तर कर्ज हलणार नाही आणि फ्लॅट विकावा लागेल, हे त्यांनी भाडेकरू शिवणवाल्या ताईंना फोनवर सांगूनही टाकलं होतं. आतल्या खोलीच्या भिंतीला वर्षभर ओल होती. ताईंनी तक्रार केली की मास्तर दर वेळी "बघू या" म्हणून वेळ मारून नेत.

आज नव्या बँकेचा माणूस पाहणीला आला आणि नेमका त्याच भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. त्याने हात फिरवला, बोटाने ठोकून पाहिलं आणि मशीनवर बसलेल्या ताईंना विचारलं, "इथे ओल येते का हो?"

दारात उभे असलेले मास्तर लगबगीने पुढे आले.

"यायची," ताई म्हणाल्या. "बाहेरचा पाइप फुटला होता. तो बदलला, गिलावाही नवा केला. आता नाही येत."

त्याने फोटो काढले, "काही अडचण दिसत नाही" म्हणाला आणि गेला. मास्तरांनी घाईघाईने भिंतीला हात लावला. भिंत खरंच कोरडी ठणठणीत होती.

"अहो ताई, हे कधी केलंत? माझ्यासाठी पदरमोड कशाला केलीत?"

ताईंनी हातातलं कापड बाजूला ठेवलं.



"तुमच्यासाठी कुठे, सर? हप्ता तुम्हाला झेपला नाही, तर घर आम्हाला सोडावं लागणार होतं."