विदरगेटांचा मूळ पुरुष

धुतलेला कप रूथबाई पुन्हा विसळायला लागल्या. बाहेर त्यांचे यजमान, शांतवन विदरगेट, एका गोऱ्या पाहुण्याशी बोलत बसले होते. पाहुणाही विदरगेटच. जगात या आडनावाची माणसं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून एकेकाला शोधत तो थेट नगरला येऊन थडकला होता.

"माझे आजोबा गोरेसाहेब!" शांतवन नेहमीच्या ऐटीत म्हणाले.

आत रूथबाईंनी विसळणं थांबवलं. भाकऱ्या थापता थापता सासूबाईंनी त्यांना खरं सांगून टाकलं होतं. आजोबा म्हणजे दुष्काळात मिशनच्या ओसरीवर सोडून दिलेलं पोर. विलायतेतला जो दाता अशा पोराला पोसायचा, त्याचंच आडनाव पोराला लावायची मिशनची रीत. आता पाहुणा खोदून विचारणार आणि यजमानांची उभ्या जन्माची शान मातीत जाणार.

चहाचा ट्रे उचलून त्या लगबगीने पडद्यापाशी आल्या. पाहुणा सांगत होता, "आमच्या विदर गावच्या चर्चच्या फाटकात एक तान्हं मूल सापडलं. आईबापांचा पत्ता नव्हता. गावाने गावाचं आणि फाटकाचं नाव त्याला लावलं. तो आमचा मूळ पुरुष."

शांतवननी पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची पाहुण्याच्या जवळ ओढली.

"आमचाही ओसरीवरच सापडलेला," ते हलकेच म्हणाले. "पण हळू बोला. साहेबाच्या नातवाशी लग्न केल्याचा हिला फार अभिमान आहे."

रूथबाईंनी ट्रे एका हातात धरून डोळे पुसले आणि मोठ्याने खाकरून पडदा सारला.

"झालं का गोरेसाहेबांचं पुराण? चहा निवतोय."