दुसऱ्या उताराच्या फळ्या

फळ्या पुन्हा कमी पडल्या.

ओव्हरसिअर शिडीवरून उतरले, पेन्सिल कानामागे खोचली आणि मान वर करून छपराकडे बघत राहिले. मागच्या अंगणातल्या त्या लाकडी खोलीचे खांब उभे होते, तुळया बसल्या होत्या, वासेही चढले होते. छपराच्या एका उतारावर फळ्या होत्या आणि दुसऱ्या उतारावर नुसतं आभाळ.

"काय झालं?" खुर्चीत शाल गुंडाळून बसलेल्या बायकोने विचारलं.

"अगं, उतार एकच धरला मी. दुसरा हिशेबात घ्यायचाच राहिला."

या माणसाने उभा जन्म इमारतींना लागणाऱ्या लाकडाचे अंदाज काढण्यात घालवला होता. त्यांचा आकडा चुकला असं कुणी नुसतं म्हटलं, तरी त्या दिवशी घास उतरायचा नाही. आणि आता छपराला दोन बाजू असतात हेच ते विसरले होते.

बरं, हे पहिल्यांदाच होत होतं असंही नाही. आधी खिडकीची चौकट धरायची राहिली. मग वासे कमी पडले, कारण कडेचे मोजलेच नव्हते. दर वेळी वखारीत निरोप आणि दर वेळी नव्याने वाट बघणं. एखाद्या सुताराने असा घोळ घातला असता, तर ओव्हरसिअरांनी त्याला उभा सोलला असता. स्वतःच्या चुकीवर मात्र ते ओशाळं हसायचे आणि पाणी प्यायला आत निघून जायचे. तिला त्या हसण्याचीच भीती वाटायला लागली होती.

खोली तिच्यासाठीच होती. दवाखान्यातून तिला घरी सोडलं, तेव्हा डॉक्टर फारसं काही बोलले नाहीत, आणि त्यातूनच दोघांना काय ते कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंगणात फक्कीने रेघा मारताना दिसले. पडल्या पडल्या झाडं दिसावीत, कोवळं ऊन अंगावर यावं, अशी खोली. ती कित्येक वर्षं मागत होती आणि हे लोकांच्या इमारती बांधत होते.

"तुम्ही स्वतः बांधणार?" ती तेव्हा म्हणाली होती. "मग छप्पर चढेपर्यंत मी काही हलत नाही बघा. शब्द देते! ही गंमत कोण सोडेल?"

"टेपचं ते टोक धर," एवढंच ते म्हणाले होते.

आता तिला स्वतःच्या जाण्याचं फारसं काही वाटत नव्हतं. जीव अडकला होता तो यांच्यात. ज्याच्या काही ध्यानातच राहत नाही, असा माणूस मागे एकटा राहणार कसा? गॅस चालूच ठेवला तर? घरचा रस्ता चुकला तर? तिच्या गोळ्या मात्र ते न चुकता, ठरल्या वेळी तिच्या हातावर ठेवायचे. पण ती सवयच झाली, असं ती स्वतःला बजावायची.

रविवारी मुलगी आली, तेव्हा ते बाजारात गेले होते. मुलीला जवळ बसवून तिने ती वेळ साधली.

"माझ्यामागे बाबांना तुझ्याकडे ने. हे घर विकून टाका."

"आई, काहीतरीच काय! बाबा या घराबाहेर जगतील का?"

"एकटे राहिले तर इथेही नाही जगणार. त्यांचं डोकं आता साथ देत नाही गं." इतक्या दुखण्यात ती कधी रडली नव्हती; आता मात्र तिचा बांध फुटला. पदराने डोळे पुसत ती उठली. "मला वखारीत घेऊन चल. छप्पर तरी एकदा धड होऊ दे. लोकांपुढे त्यांचं हसं नको व्हायला."

वखारवाला जुना ओळखीचा. तिला गाडीतून उतरताना पाहून तो धावतच आला, स्टुलावरचा भुसा झटकला आणि ते तिच्यापुढे सरकवलं.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"त्यांना आता आकडेमोड जमत नाही," ती खाली बघत म्हणाली. "राहिलेल्या उताराला किती फळ्या लागतील ते तुम्हीच काढा आणि पाठवून द्या. मी आले होते, हे त्यांना सांगू नका."

"साहेबांना? जमत नाही?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग मागच्या शेडकडे वळला. मुलीचा हात धरून ती हळूहळू त्याच्यामागे गेली.

त्याने कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली फळ्या रचलेल्या होत्या, मापात कापलेल्या, रंधा मारलेल्या. ताडपत्रीवरची धूळ उडून तिला खोकला आला. प्रत्येक फळीच्या टोकाला पेन्सिलीने आकडा घातलेला होता. ते वळण तिने झोपेतही ओळखलं असतं.

"साहेबांनी अख्खी खोली पहिल्याच दिवशी कापून घेतली," वखारवाला म्हणाला. "खिडकी, वासे, सगळं. एक फळी कमी नाही की एक जास्त नाही. फक्त ते मागतील तेव्हा आणि मागतील तेवढंच पाठवायचं, असं ठरलंय आमचं."

"मग ह्या का नाही नेल्या?"

वखारवाल्याने ताडपत्रीचं टोक हातात चुरगाळलं.

"मीही तेच विचारलं, वहिनी. म्हणाले, 'राहू देत इथेच. छप्पर चढेपर्यंत थांबते, असा शब्द दिलाय आमच्या हिने.'"