मागे चालू असलेलं काम

चढाई करताना नचिकेतरावांचा पाय हवेतच अडकला आणि मिटलेल्या डोळ्यांपुढचं कबड्डीचं मैदान गोठलं.

"बाबा, पुन्हा अडकलास!" शेजारी डोळे मिटून तोच खेळ खेळणारी त्यांची लेक मृण्मयी वैतागली. "खेळ यंदाचा आणि तुझ्या डोक्यातली चिप तीस वर्षांपूर्वीची. तिला झेपणार कसा?"

पंच्याहत्तरीत नवी चिप बसवायला डॉक्टर तयार नव्हते. म्हणून मृण्मयीनं जुनीतच जागा करायचं ठरवलं. बाबांच्या डोक्यात मागे चालू असलेल्या कामांची यादी तिनं स्क्रीनवर उघडली. कुकरच्या शिट्ट्या मोजणं बंद केलं. सोसायटीच्या सेक्रेटरीशी मनातल्या मनात चाललेलं भांडणही बंद केलं. मग एक काम दिसलं. त्यानं अर्धीअधिक चिप अडवली होती आणि ते बारा वर्षांत क्षणभरही थांबलं नव्हतं.

"त्याला हात लावू नकोस," नचिकेतराव घाईघाईनं म्हणाले.

"एवढं काय चालू असतं याच्या डोक्यात?" स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, केतकीताईंचा आवाज आला. "दहा हाका मारल्या तरी ऐकू येत नाही याला!"

मृण्मयीनं वाचून दाखवलं, "केतकीचा श्वास ऐकत राहणं."

केतकीताईंना दम्याचा पहिला झटका आला, त्याला बारा वर्षं झाली होती.

गॅस बंद करून त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याला अगदी खेटून बसल्या.

"आता कान लावून बसायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "खेळ."

स्क्रीनवर चिपचा भार झरझर उतरला. नचिकेतरावांचा हवेतला पाय जमिनीला टेकला आणि "कबड्डी, कबड्डी" म्हणत ते एका दमात निघाले.