आपल्या माणसांनाच सांगा

"शुक्रवारी फुटणार, नक्की," सुमेध गॅलरीत फोनवर दबक्या आवाजात म्हणाला. "फक्त संपदाला कळू देऊ नकोस."

संपदा आत कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याचा शर्ट तिच्या हातात तसाच राहिला.

पलीकडे ज्ञानदा असणार. दुसरं कोण?

ज्ञानदा त्याची कॉलेजातली मैत्रीण. एकटी राहणारी, हसताना मान मागे टाकणारी. मागे एका रविवारी सुमेध काही न सांगता बाहेर पडला, तेव्हा संपदाने रिक्षा करून त्याचा पाठलाग केला होता. वाटेत तो दिसेनासा झाला, पण ती तशीच राजोडीला ज्ञानदाच्या नव्या घरी धडकली. तिथे रंगकाम चाललं होतं. सुमेध नव्हता. भांडी अजून आली नाहीत म्हणत ज्ञानदाने कागदी कपात चहा दिला. तो संपदाने कसाबसा घशाखाली उतरवला आणि घरी येऊन सासूबाईंपाशी रडली.

"माझा मुलगा तसला नाही, नाशिककर," सासूबाई म्हणाल्या होत्या. लग्नाला सात वर्षं झाली तरी त्या तिला माहेरच्या गावानेच हाक मारत.

*

अनेकदा फॉरवर्ड केलेला:
वज्रेश्वरीची कुंडं उकळतायत. डहाणूचे धक्के उगाच नाहीत. विरारच्या पोटात महाज्वालामुखी आहे.

*

सुमेध भूकंप मोजणारी यंत्रं दुरुस्त करायचा. असले मेसेज वाचून तो हसायचा. गरम पाण्याची कुंडं गरम असणार नाहीत तर काय, म्हणायचा.

तो गॅलरीतून आत आला. टीव्हीवर कुठल्यातरी देशातला तांबडा रस डोंगरावरून वाहत होता.

"शुक्रवारी काय फुटणार?" संपदाने विचारलं.

"तू काय ऐकलंस?"

"सगळं." तिने टीव्हीकडे पाहिलं. "म्हणजे हे खरं आहे? ज्वालामुखी?"

सुमेध पलंगावर बसला. मग उठून त्याने गॅलरीचं दार लावून घेतलं.

"हळू बोल," तो म्हणाला.

"आणि हे तू तिला सांगतोस? मला सोडून?"

"कुणाला?"

"ज्ञानदाला."

सुमेधने फोन तिच्यापुढे धरला. शेवटचा कॉल 'आई'ला होता. सासूबाई सफाळ्याला बहिणीकडे गेल्या होत्या.

जमीन फाटणार होती, तुंगारेश्वरचा डोंगर वितळणार होता. आणि कित्येक महिन्यांनी संपदाला सडकून भूक लागली. तिने दोघांसाठी पिठलं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई परतल्या. "मलाच सांगत होता गं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी फुटणार. तू माहेरी जा. नाशिक उंचावर आहे." त्या पुन्हा सफाळ्याला जाणार होत्या, सुमेधची डहाणूला यंत्रापाशी ड्यूटी होती. त्यांनी संपदाची बॅग स्वतः भरली. पैठणी घातली, स्वेटर घातले. "काही मागे ठेवू नकोस," म्हणाल्या. सात वर्षांत एवढी माया संपदाने पाहिली नव्हती. तिने त्यांच्या चपलेचा तुटलेला अंगठा लाल दोऱ्याने शिवून दिला.

रात्री तिने फक्त बहिणीला, रचनाला, फोन केला. "आपल्या माणसांनाच सांग," म्हणाली.

*

अनेकदा फॉरवर्ड केलेला:
शुक्रवारी फुटणार. आतल्या माणसाच्या घरून कळलंय. वसई-विरार रिकामं करा. आपल्या माणसांनाच सांगा.

*

तिचंच वाक्य तिच्याकडे परत आलं होतं. आता ते खरंच वाटत होतं.

वसईत फादरांनी प्रवचनात सांगितलं, अफवांवर विश्वास ठेवू नका. ऐकणाऱ्यांच्या पायाशी बॅगा होत्या. खालच्या मजल्यावरच्या विलासने टेम्पो आणला आणि वडिलांना विचारलं, आधी तुम्ही की फ्रिज? म्हातारा म्हणाला, फ्रिज, माझं इन्सुलिन त्यात आहे.

संपदाने दूधवाल्याला सांगितलं. इस्त्रीवाल्याला, ब्लाउज शिवणारीला सांगितलं. फोनमध्ये ज्ञानदाचं नाव आलं तेव्हा तिने अंगठा वर सरकवला. हौसेने समुद्रकाठी घर घेतलंय ना. बघू दे समुद्र उकळताना.

*

शुक्रवारी सकाळी सुमेधने तिला विरारच्या एसटीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि डहाणूला जायला निघाला. बस माणसांनी आणि बोचक्यांनी भरेपर्यंत सुटणार नव्हती. शेजारच्या बाई फोनवर कुणाला तरी विचारत होत्या, "आपलं कुणी मागे राहिलं नाही ना?"

संपदाला कागदी कप आठवला. ज्ञानदाने चहा दोनदा विचारला होता. साखर कमी आहे का, हेही.

तिने फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला.

मग ती बॅग घेऊन खाली उतरली.

राजोडीला यायला एकच रिक्षावाला तयार झाला, तोही ती तिथून लगेच निघेल या अटीवर. रस्ता मोकळा होता. काठ्यांवर सुकत घातलेले बोंबील तसेच टाकून लोक गेले होते. काय बोलायचं ते संपदा मनात घोळवत होती. ज्ञानदा, मी तुझ्याबद्दल फार वाईट विचार केला. पण चल माझ्याबरोबर. आपलं माणूस म्हणून न्यायला आलेय.

फाटक उघडं होतं. दाराला झेंडूचं तोरण होतं.

पायरीवर नारळ नुकताच फुटला होता. पाणी अजून ओघळत होतं. त्याच्या बाजूला सुमेधच्या चपला होत्या, आणि त्यांना लागून लाल दोऱ्याने शिवलेली जोडी.

हिरव्या साडीतली ज्ञानदा दारात पाठमोरी उभी होती. तिच्या पायाशी, उंबऱ्यावर, तांदळाने भरलेलं माप.

"उजवा पाय आधी, सूनबाई," आतून आवाज आला.